पदरचं काही नाही

"मराठी इंटरप्रिटर, नंबर चारशे सतरा. बोला, काय मदत करू?"

हे वाक्य मी तेव्हा दिवसातून वीस-बावीस वेळा म्हणत असे. त्या मंगळवारी सकाळी साडेनऊला म्हटलं, तेव्हा शेगडीवर पोह्यांचा कांदा परतायला टाकला होता. फोन कानाला धरून मी आधी शेगडी बंद केली.

पलीकडे अमेरिकेतल्याच एका विमानतळावरचा इमिग्रेशनचा अधिकारी होता. आवाज दमलेला, पण सभ्य.

"माझ्यासमोर एक बाई आहेत. वय बासष्ट, एकट्या आल्यात. दोन तास हिंदीचा माणूस फोनवर होता, त्या म्हणतात त्याचं काही कळत नाही. आता तुम्ही बघा."

मी ठरलेलं मराठी वाक्य म्हटलं. नमस्कार, मी दुभाषी, साहेब जे विचारतील ते मी मराठीत सांगेन, तुम्ही जे बोलाल ते सगळं इंग्रजीत सांगेन.

पलीकडून मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. "आगं बाई! आपली मराठी! कुठनं बोलतीस पोरी? मी हुपरीचा. आक्काताई मगदूम. सकाळधरनं हितं बसून ऱ्हायलोय बघ."

बाईमाणूस असून 'हुपरीचा', 'ऱ्हायलो'. आमच्या कोल्हापूरकडं बायका स्वतःविषयी अशाच बोलतात. माझी आई गडहिंग्लजची, तीही अशीच बोलते. सहा वर्षांत मी तिला पाहिलं नव्हतं. समोरून तिचाच आवाज आल्यासारखं वाटलं आणि मी भिंतीला टेकले.

पण सगळं म्हणजे सगळं सांगायचं, हा नियम. "साहेब, मी कुठून बोलतेय असं विचारतायत."

"सांगू नका."

"ते सांगता येत नाही," मी मराठीत म्हटलं.

"बरं बरं. ऱ्हाऊ दे," आक्काताई म्हणाल्या. "न्हाई सांगायचं तर नको."

आमच्या कामाचे नियम थोडे आणि कडक. समोरचा बोलेल तेवढंच बोलायचं, पदरचं काही घालायचं नाही. तो 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. 'त्या म्हणतात' असं सांगायचं नाही, थेट त्यांचं बोलणं आपल्या तोंडून काढायचं. एखाद्या शब्दाचे दोन अर्थ होत असतील तर 'दुभाष्याला खुलासा हवा आहे' असं म्हणून विचारण्याची मुभा होती. कागदावर होती. मला तोवर दोन ताकिदी मिळाल्या होत्या. एकदा ओटी भरणं म्हणजे काय ते डॉक्टरला समजावून सांगितलं म्हणून, आणि एकदा खुलासा मागता मागता पेशंटला 'घाबरू नका' म्हटलं म्हणून. तिसऱ्या ताकिदीला नाव कायमचं कमी होणार होतं. आणि नेमका त्या आठवड्यात मला कामाच्या ठिकाणचं पत्र हवं होतं. आईच्या व्हिसाची मुलाखत तीन आठवड्यांवर आली होती आणि तिला बोलावणारी मुलगी पक्क्या नोकरीत आहे, असं त्या पत्रात लिहून येणार होतं. नवऱ्याचं काम तेव्हा कंत्राटी, त्याच्या पत्राला कोण विचारतंय? सगळी भिस्त माझ्या पत्रावर.

फोनवर बारीक 'टक्' झालं. सुपरवायझर ऐकायला बसली की तसं होई.

"विचारा," अधिकारी म्हणाला, "या आधी एकशे बहात्तर दिवस इथे राहिल्यात. घरी गेल्या आणि पन्नास दिवसांत परत आल्या. का?"

"लेकीसाठी," आक्काताई म्हणाल्या. "रेवतीसाठी. मागल्या टायमाला आलतो ते नुसतं नातीला बघायला. मी हितं असतानाच रेवतीला दिवस गेलं. माझं सहा म्हैनं भरत आलतं, म्हणून निघालो. तीन म्हैनं घरी काढून बाळंतपनाला यायचं ठरलंतं. पर म्हैन्याभरात फोन आला. वार खाली हाय, रगत जातंय, पोरगीला दवाखान्यातनं हलू देत न्हाईत. परवा दिशी पोट फाडून बाळ काढनार हैत. साडेसात म्हैन्याचं."

हे सगळं मी इंग्रजीत सांगितलं. 'माझी मुलगी', 'मी निघाले', 'मला फोन आला'. तोंड माझं, लेक त्यांची.

"नवरा?"

"जावई भाईर हुबा हाय. नातीला कडेवर घिऊन. तीन वर्साची हाय ती. दवाखान्यात बसंल का पोरीला बघंल? त्याचं आईवडील न्हाईत."

"म्हणजे या मुलाला सांभाळायला आल्यात?"

आक्काताई काहीतरी शोधू लागल्या. पानं उलटल्याचा आवाज आला.

"त्यांच्या हातात वही आहे," अधिकारी म्हणाला. "बॅगेत सापडली. त्यात काय लिहिलंय ते त्यांना वाचायला सांगा. मोठ्याने."

ती वही, आक्काताईंनी वाचता वाचता सांगितलं, हुपरीच्या चौगुले मास्तरांनी लिहून दिली होती. मास्तरांची दोन मुलं अमेरिकेत, स्वतः चार खेपा करून आलेले. गावातून कुणी मुलाकडे निघालं की त्यांच्या ओसरीवर आठवडाभर शिकवणी. आक्काताई एकेक ओळ शाळेतल्या पोरीसारखी वाचत होत्या आणि मी इंग्रजीत करत होते.

"सहा महिने पुरे भरू देऊ नयेत. दहा दिवस आधी निघावे." मग, "जेवढे दिवस तिथे राहाल तेवढे घरी राहावे, मगच पुन्हा जावे." मग, "काम हा शब्द काढू नये. परतीचे तिकीट वर ठेवावे. घरपट्टीची पावती जवळ ठेवावी. खोटे बोलू नये." आणि शेवटी दोन वेळा खाली रेघ मारलेलं, असं त्यांनीच सांगितलं, "विचारले तेवढेच थोडक्यात सांगावे. पाल्हाळ लावू नये."

"म्हणजे नियम माहीत होता," अधिकारी म्हणाला. "जेवढं राहाल तेवढं घरी राहा. तरी पन्नास दिवसांत आल्या."

"व्हय, म्हाईत हुता," आक्काताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला. "मास्तर बी म्हणलं, आक्का आत्ता जाऊ नगंस, आडिवतील. मी म्हणलो मास्तर, पोरगी मराय लागल्यावर वही बघत बसू व्हय?"

मी ते सांगितलं. 'माझी मुलगी मरायला टेकल्यावर मी वही बघत बसू का?' माझ्या स्वैपाकघरात, बंद शेगडीपुढे उभी राहून.

तो म्हणाला, "थांबा." तो उठून गेला असावा. फोन टेबलावर तसाच होता.

"गेला गं," आक्काताई हळूच म्हणाल्या. "पोरी, मानूस वंगाळ न्हाई न्हवं?"

मी बोलायचं नव्हतं. अधिकारी समोर नसताना तर मुळीच नाही. सुपरवायझर ऐकत होती.

"बरं. नको बोलूस." जरा थांबून त्या पुन्हा म्हणाल्या, "माझं डिंकाचं लाडू काढून टाकलं कचऱ्यात. आळीव टाकला. टाकंनात का. चांदीचं वाळं तेवढं ठेवल्यात टेबलावर. घुंगरं मी सोता डाक लावून जोडलेली हैत, घरात बसून. आमच्यात मालकाच्या मागनं हेच करतो मी. ह्यो साहेब म्हणतोय इकाया आणलाईस काय? एक जोड वाळं कोन इकंल गं?"

मी शेगडीच्या बटणाकडे बघत राहिले.

अधिकारी परत आला. "मी हॉस्पिटलला फोन केला. मुलगी खरंच तिथे आहे. ऑपरेशन गुरुवारी आहे, तेही खरं." आवाज थोडा मऊ झाला होता. कागद सरकवल्याचं ऐकू आलं. "परतीचं तिकीट आहे. घराची पावती आहे. बाई खोटं बोलत नाहीत. मला एकच गोष्ट समजून घ्यायची आहे. या भेटायला आल्यात की इथेच राहायला? शेवटचा प्रश्न. यावर ठरवतो. त्यांना म्हणावं, एका वाक्यात सांगा."

सुटल्या, असं वाटलं. इतकी वर्षं हे काम केल्यावर अधिकाऱ्याच्या आवाजावरून कळतं. त्याला सोडायचं होतं, फक्त कागदावर टाकायला एक वाक्य हवं होतं.

"विचारा, या खेपेचे सहा महिने संपले की त्या काय करणार?"

मी विचारलं. "या वेळचे सहा महिने संपल्यावर तुम्ही काय करणार? साहेब म्हणतात, एका वाक्यात सांगा."

आक्काताईंनी एक क्षणही घेतला नाही. वहीत तसंच लिहिलं होतं. थोडक्यात, पाल्हाळ नाही. "येनार की परत. दुसरं काय करनार?"

त्या काय म्हणाल्या ते मला कळलं. परत म्हणजे घरी, हुपरीला. कुणालाही कळलं असतं, हुपरीत, गडहिंग्लजात, कुठेही. ते कळायला मला अर्धा क्षणही लागला नाही. 'दुभाष्याला खुलासा हवा आहे' हे चार शब्द जिभेवर आले.

फोनवर पुन्हा 'टक्' झालं.

"आय विल कम बॅक," मी म्हणाले. "व्हॉट एल्स वुड आय डू?"

"पुन्हा येणार," तो स्वतःशीच म्हणाला. किबोर्डची टकटक थांबली. "तुम्ही शब्दशः सांगितलंत ना? त्या नेमकं हेच म्हणाल्या?"

"हो," मी म्हटलं. "शब्दशः."

टकटक पुन्हा सुरू झाली, पण बोटं आता वेगळ्या तऱ्हेनं पडत होती. त्याच्या आवाजातला मऊपणा गेला तो गेलाच. त्यानं पूर्ण जबाब वाचून दाखवायला घेतला. तो एक प्रश्न वाचणार, उत्तर वाचणार, मी मराठीत करणार, बाई 'बरोबर' म्हणणार, मग त्या पानावर सही. नाव, गाव, विधवा, मुलं एक. किती दिवस राहिलात, कधी परत आलात. सातव्या प्रश्नाला तो थांबला आणि सावकाश वाचलं.

"उत्तर: आय विल कम बॅक."

ही दुसरी संधी होती. त्याला जे कळलं होतं ते मी मराठीत सांगितलं असतं, 'मी पुन्हा अमेरिकेत येईन', तर आक्काताई खुर्चीवरून उठल्या असत्या. न्हाई न्हाई, मी कवा म्हणलो, असा आरडाओरडा केला असता. एक शब्द पुरेसा होता. पण तो शब्द कागदावर नव्हता आणि मी पदरचं काही घालणार नव्हते. नियमानं वागत होते ना मी!

"तुमचं उत्तर," मी म्हटलं, "मी परत येईन."

"व्हय," आक्काताई म्हणाल्या. आवाजात चक्क उभारी होती. "येनारच की. लिव्हा म्हणावं."

त्यांनी सही केली. आम्ही तिघंही एकाच वाक्यावर कबूल झालो होतो.

मग त्यानं निकाल सांगितला. व्हिसा रद्द. स्वतःहून माघार घेतल्याचं लिहून दिलं तर पाच वर्षांची बंदी टळेल. दुपारी एक चाळीसच्या विमानानं परत. तोवर याच खोलीत.

मी मराठीत सांगितलं. एकदा सांगून त्यांना कळलं नाही, पुन्हा सांगितलं.

"परत? कुठं परत?" त्या म्हणाल्या. "आवो साहेब, परवा तिचं पोट फाडनार हैत. दोन दिस ऱ्हाऊ द्या. बाळ भाईर येऊ दे, मी लगी उलट्या पावली निघतो. दोन दिस. एक दिस. दवाखान्यातल्या दारात बसवा, पोलीस बसवा माझ्याजवळ."

"ते शक्य नाही."

"मग जावयाला आत बोलवा. न्हाईतर मला काचंतनं बघू द्या. नात दिसंल तेवढी."

"तेही शक्य नाही."

"पर का? मला कारन सांगा की! मी खोटं बोललो? तुमीच म्हणला न्हवं, खोटं बोलत न्हाई म्हणून?"

"कारण तुमच्याच उत्तरात आहे," तो म्हणाला. "तुम्ही ऐकून सही केली आहे."

खुर्ची सरकली. त्या उठल्या असाव्यात किंवा खाली बसल्या असाव्यात, मला दिसत नव्हतं. रडण्याचा आवाज आला नाही. वाळ्यांची घुंगरं मात्र वाजली, कुणीतरी उचलून हातात घेतल्यासारखी. मग त्या फोनच्या अगदी जवळ तोंड आणून बोलल्या. त्याच्याशी नाही, माझ्याशी.

"पोरी, माझं काय चुकलं गं? तुला म्हाईत असंल तर सांग."

"काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

मी ओट्याची कड धरली. नियमानं 'मी' म्हणायचं होतं.

"व्हॉट डिड आय डू राँग?" मी म्हणाले. "इफ यू नो, टेल मी."

"याचं उत्तर देऊ नका," तो म्हणाला.

मी दिलं नाही.

पत्र मला पुढच्याच आठवड्यात मिळालं. 'अचूक आणि विश्वासू' असं त्यात माझ्याबद्दल लिहिलं होतं. आईला व्हिसा मिळाला, ऑक्टोबरात ती आली, पाच महिने वीस दिवस राहिली. सहा महिने पुरे भरू दिले नाहीत. डिंकाचे लाडू तिनंही आणले होते आणि तिचे कुणी काढून घेतले नाहीत. मला ते गिळवेनात, तिला वाटलं अमेरिकेत राहून माझी चव गेली. निघायच्या दिवशी विमानतळाच्या दारात ती माझ्याकडे वळली, तेव्हा तिनं तोंड उघडायच्या आत मी तिला मिठी मारली आणि काही बोलूच दिलं नाही. ती हसून म्हणाली, अगं श्वास तरी घेऊ दे.

रेवतीचं काय झालं ते मला माहीत नाही. बाळ जगलं का, मुलगा होता की मुलगी, ती स्वतः वाचली का. आम्हाला फोन नंबर ठेवता येत नाहीत, नाव लिहून घेता येत नाही. अकरा वर्षं झाली. काम मी त्या मार्चमध्येच सोडलं, आई घरी परतल्यावर दुसऱ्या आठवड्यात. ताकीद न मिळता.

त्या सकाळी फोन बंद व्हायच्या आधी अधिकाऱ्यानं एक चांगलं केलं. वाळे जावयाकडे पोचवतो म्हणाला. मी ते सांगितल्यावर आक्काताई म्हणाल्या, "कागदात बांधून द्या म्हणावं. घुंगरं नाजूक हैत." कागदाचा आवाज आला, मग पिशवीच्या चेनचा. कुणीतरी त्यांना चला म्हणालं. पावलं चार-पाच टाकली गेली आणि थांबली. लांबून, खोलीच्या पलीकडून, त्यांनी फोनच्या दिशेनं आवाज दिला. माझ्यावर राग नव्हता त्यात. सकाळभर सोबत बसलेल्या बाईला उठताना सांगतात तसंच सांगितलं.

"येतो हं बाई."

"हे काय म्हणाल्या?" अधिकाऱ्यानं विचारलं.

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"आय ॲम गोइंग होम," मी म्हणाले.